न्याहारीच्या ताटातली साखर

लहान मुलाच्या पोटात सकाळी जाणारे पहिले अन्न गोड नसावे, असे माझे ठाम मत आहे. साखर घरातून हद्दपार करावी, असे मी म्हणत नाही. चतुर्थीला नेवऱ्या आणि पातोळ्या करणाऱ्या घरात मी वाढले, आणि त्या पदार्थांविषयी माझ्या मनात आजही तेवढाच जिव्हाळा आहे. माझे म्हणणे एवढेच की, झोपेतून उठलेल्या, भूक लागलेल्या मुलाच्या जिभेला आपण रोज सकाळी जी चव देतो, तिच्यावर त्याच्या पुढच्या खाण्याचे वळण ठरत जाते. आणि गोव्यातल्या कितीतरी घरांमध्ये ही सकाळची चव, कोणी मुद्दाम ठरवले नसताना, हळूहळू गोड होत गेली आहे.

फोंडा तालुक्यातील एका बालवाडीत मी शिकवते. सकाळी मुले आली की, गोलात बसवून त्यांना ‘आज काय खाऊन आलात?’ असे विचारण्याची मला सवय आहे. या प्रश्नामुळे मुले बोलती होतात आणि मला त्यांची घरे कळतात. उत्तरे बहुधा ठरलेली असतात: चहा-बिस्किटे, चॉकलेटचे दूध, जॅम लावलेला पाव, दुधात घातलेले चॉकलेटचे गोळे. एखादे मूल ‘पेज’ म्हणते, पण त्याच्या घरी बहुधा आजी असते आणि स्वयंपाकघर तिच्या हाती असते. जी मुले गोड खाऊन येतात, त्यांची भूक दहाच्या डब्याच्या किती तरी आधी जागी होते आणि तेव्हाही त्यांना पुन्हा गोडच हवे असते. शेजारच्या मुलाच्या डब्यातली उसळ त्यांच्यापुढे धरली, तर ती चाखून पाहण्याआधीच मान वळते. हे पाहून मला त्या मुलांवर रागावता येत नाही, कारण ती तशी जन्मलेली नसतात. गोडाची ओढ मात्र प्रत्येक बाळाला उपजतच असते. आईचे दूधही गोडसरच असते. बाकीच्या बहुतेक चवी, म्हणजे आंबट, किंचित कडू, तुरट, या बाळाला शिकाव्या लागतात, आणि त्या शिकवण्यासाठी पहिल्या चार-पाच वर्षांइतका अनुकूल काळ पुन्हा येत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य असेल तर ती ५ टक्क्यांपर्यंत खाली आणावी. मध, सरबते आणि फळांचा गाळलेला रसही याच साखरेत मोजला जातो; अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर मात्र त्यात धरलेली नाही. आपल्याकडे चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १३६० किलोकॅलरी मानली जाते. तिचे ५ टक्के म्हणजे ६८ किलोकॅलरी, आणि एक ग्रॅम साखरेतून चार किलोकॅलरी मिळतात हे धरले, तर दिवसभरासाठी सुमारे १७ ग्रॅम साखर होते. चहाचा सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा असतो. म्हणजे चारच चमचे, तेही सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सगळ्या खाण्यापिण्यात मिळून. आता दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचे दोन मोठे चमचे घ्या. अशा अनेक पावडरींत जवळपास एक तृतीयांश भाग साखरेचा असतो, तेव्हा तिथेच सहा ग्रॅम झाले. त्यावर ‘थोडी गोडी यावी’ म्हणून घातलेला एक चमचा साखर, आणि सोबत क्रीमची दोन बिस्किटे, ज्यांतून आणखी सात-आठ ग्रॅम जातात. सकाळचे आठ वाजण्याआधीच मुलाच्या वाट्याची दिवसाची साखर संपलेली असते, आणि त्याला खऱ्या अर्थाने काही खायला मिळालेले नसते.

दोन वर्षांखालच्या बाळांविषयी तर तज्ज्ञांच्या मतांत फारशी संदिग्धताच नाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयातील बाळांच्या वरच्या अन्नाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, जास्त साखरेचे पदार्थ आणि गोड पेये त्यांना देऊच नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. हे इतके कडक का, याचे एक उत्तर इतिहासातून मिळाले. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखर रेशनवर मिळत होती आणि ते रेशन सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. त्यानंतर तिथल्या प्रौढांचे साखर खाणे अल्पावधीत जवळजवळ दुप्पट झाले. रेशन उठण्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर गर्भात आलेल्या लोकांची पन्नास-साठ वर्षांनंतरची प्रकृती संशोधकांनी ताडून पाहिली, तेव्हा असे आढळले की, गर्भावस्था आणि आयुष्याची पहिली दोन वर्षे ज्यांनी कमी साखरेत काढली, त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते की, त्या मुलांच्या आयांनी कोणताही विशेष आहार पाळला नव्हता. साखर कमी मिळत होती, म्हणून ती कमी खाल्ली गेली, आणि एवढ्यानेच मुलांच्या साऱ्या आयुष्यात फरक पडला.

दातांविषयी मी पालकांशी अधिक आग्रहाने बोलते, कारण ते नुकसान मला रोज डोळ्यांनी दिसते. ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, त्यांच्यावरचे आवरण पक्क्या दातांपेक्षा पातळ असते, आणि त्या किडल्या की मूल चावून खाणे टाळते. मग ते पुन्हा मऊ आणि गोड पदार्थच मागते. साखर खाल्ल्याने मुले उड्या मारतात, ही समजूत मात्र संशोधनात टिकलेली नाही. ती मी पालकांना सांगत नाही, कारण चांगल्या गोष्टीसाठीसुद्धा चुकीचे कारण देऊ नये.

साखरेचा विषय निघाला की गूळ पुढे येतो. आमच्याकडच्या आजीबाईंचा गुळावर, त्यातही माडाच्या काळ्या गुळावर, फार विश्वास आहे, आणि त्या गुळाचा खमंगपणा साखरेला कधीच येणार नाही हे मलाही मान्य आहे. परंतु शरीराच्या हिशेबात गूळ ही मुख्यतः साखरच आहे. त्यात थोडी खनिजे असतात, पण चमचाभर गुळातून मिळणारे लोह इतके अल्प असते की, त्यासाठी मुलाला रोज गूळ चारण्यात अर्थ नाही. मधाचेही तसेच, शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणे धोक्याचे आहे, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाच्या दिवशी प्रेमाने पुढे केलेले मधाचे बोटही, मोठ्यांचा मान राखून, बाजूला सारावे.

मग द्यायचे काय? मला वाटते की, गोव्यात राहणाऱ्या आईला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. उकड्या तांदळाची पेज हे त्याचे पहिले उत्तर आहे, आणि तिच्याविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. पूर्वी शेतात राबणारी माणसे सकाळी दहा-अकराच्या सुमारास पेज घेत. ती माणसांची दुसरी न्याहारीच असे. भात साळीसकट उकडून मग वाळवून कांडला जात असल्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्याच्या आत शिरतात आणि कांडल्यावरही टिकतात. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाच्या पेजेत हा लाभ मिळत नाही. उकडा तांदूळ शिजायला वेळ लागतो ही अडचण खरी आहे, पण तो रात्री धुऊन भिजत घातला आणि सकाळी कुकरमध्ये भरपूर पाण्यात लावला, तर मुलाचे दात घासून आणि आंघोळ होईपर्यंत पेज तयार असते. लहान मुलासाठी ती डावाने थोडी घोटावी आणि वर अर्धा चमचा तूप किंवा खोबऱ्याचे घट्ट दूध सोडावे.

नुसती पेज मात्र पुरेशी नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. तिच्यात पाणी आणि पिष्टमय पदार्थ अधिक, प्रथिने कमी. आजारातून उठलेल्या मुलाला ती दिलासा देते, पण वाढत्या मुलाची न्याहारी म्हणून तिला जोड लागते. ही जोडही आपल्या परंपरेत आहेच. मुगाच्या गाठी (मोडाच्या मुगाची उसळ), आळसांद्यांची (चवळीची) पातळ भाजी, उकडलेले अंडे, मासे खाणाऱ्या घरात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. किसमूर लहान मुलासाठी करताना सुंगटांची डोकी आणि मिशा काढून ती नीट धुवावीत, म्हणजे खारटपणा उतरतो. मग ती भाजून, चुरून, ओले खोबरे आणि बारीक कांदा मिसळून, मिरची न घालता केली तर तीन वर्षांचे मूल ती आवडीने खाते. मिठातली तोरे (खारवलेल्या कैऱ्या) आणि लोणची ही मोठ्यांची पेजेची सोबत आहे. मुलाला त्यातली एखादी लहानशी फोड चाटायला दिली तर हरकत नाही, पण गोड काढून त्याजागी मीठ वाढवणे म्हणजे एक घोर टाळून दुसरा ओढवून घेणे होय.

लोहाचा विचार इथे करणे आवश्यक आहे, कारण आपल्या मुलांच्या पोषणातली ती मोठी उणीव आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि तुलनेने सुस्थितीतल्या गोव्यातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. असे असताना आपण लहान मुलाला सकाळी चहात पाव बुडवून देतो, ही गोष्ट मला फार खटकते. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही, आणि चहाबरोबर साखर येतेच. त्याउलट क जीवनसत्त्व लोहाला मदत करते. म्हणून मुगावर लिंबू पिळावे, न्याहारीनंतर पेरूची फोड द्यावी, आवळ्याच्या दिवसांत आवळा किसून कोशिंबिरीत घालावा. साधी युक्ती आहे, पण तिच्यामुळे त्याच मुगातले लोह अधिक कामी येते.

दुधाविषयीही गैरसमज आहे. ‘सकाळी पेलाभर दूध प्यायला की आमची काळजी मिटली’, असे अनेक पालक म्हणतात. दूध चांगलेच आहे, पण त्यात लोह जवळजवळ नसते, आणि मोठा पेला भरून दूध प्यायलेल्या मुलाच्या पोटात जेवणाला जागा उरत नाही. दूध आधी देऊ नये. न्याहारी झाल्यावर लहान वाटीभर, साखर न घालता द्यावे. ज्या मुलाला गोड दुधाची सवय आहे, त्याच्या पेल्यातून एका दिवसात साखर काढली तर घरात युद्ध पेटते. तिथे दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा, असे आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने उतरत जावे. जीभ हा बदल निमूटपणे स्वीकारते. वेलचीची किंवा जायफळाची चिमूटभर पूड घातली तर साखर नसतानाही दूध गोडसर भासते.

नाचणी ही आपल्या डोंगराळ भागाची देणगी आहे. सत्तरीत, सांगे-केपेच्या बाजूला ती पूर्वी कुमेरीत, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीत, पिकत असे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात दहा मिलिग्रॅमही नसते. तिजान हा तिचा सर्वांना परिचित प्रकार, पण आजकाल तिजानात गूळ इतका असतो की, नाचणीची चव लागतच नाही. तिजान करायचेच तर नाचणीचे पीठ नारळाच्या दुधात शिजवावे आणि गुळाऐवजी पूर्ण पिकलेले रसबाळी केळे कुस्करून घालावे. खोबऱ्याची अंगची गोडी आणि केळ्याची गोडी एवढी पुरते. त्यापेक्षाही मला आंबील अधिक मोलाची वाटते. नाचणीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावे, सकाळी ते शिजवून गार झाल्यावर ताक, मीठ आणि थोडे जिरे घालावे. रात्रभर आंबल्यामुळे धान्यातली खनिजे धरून ठेवणारी द्रव्ये कमी होतात आणि पचनही सोपे जाते. मे महिन्याच्या उकाड्यात उठल्याबरोबर वाटीभर आंबील प्यायलेले मूल टवटवीत राहते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना मी वेगळे काही सांगायला नको. ज्यांना पातळ पदार्थ आवडत नाहीत, अशा मुलांसाठी नाचणी आणि तांदळाच्या पिठाची घावने करावीत. त्यात किसलेले गाजर, कोथिंबीर, पावसाळ्यात तवसे (काकडी) घालावे, आणि बरोबर खोबऱ्याची, बिनमिरचीची चटणी द्यावी. घावन मुलाला हाताने तोडता येते, आणि हाताने तोडून खाणे ही त्या वयातली अर्धी भूक असते.

दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ज्या गावात अजून सकाळी ऐकू येतो, त्या गावातल्या मुलांना न्याहारीचे आणखी एक उत्तर दारात मिळते. पोई ही कोंड्याची असते, आणि बाजारातल्या गोडसर, मऊ ब्रेडच्या तुलनेत तिच्यात साखर नसल्यातच जमा. मात्र काही ठिकाणी आत मैदा आणि वरून नुसता कोंडा भुरभुरलेला असतो, म्हणून पीठ कोणते आहे ते पोदेराला विचारून घ्यावे. ओळखीचा पोदेर खरे सांगतो. अर्धी पोई, तिच्यात वाटाण्याची सुकी भाजी किंवा आम्लेट, आणि नंतर एखादे फळ, ही चार वर्षांच्या मुलाची उत्तम न्याहारी आहे. हॉटेलातून आणलेली पातळ भाजी घरच्या गाठींत मिसळून वाढली तरी चालते. ज्या आईला सकाळी सातची बस धरून पणजीला किंवा वेर्ण्याला कामावर जायचे आहे, तिला सगळे घरी करण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. बाहेरून भाजी आणली म्हणून तिच्या मातृत्वात उणेपणा येत नाही. चॉकलेटच्या गोळ्यांपेक्षा ती भाजी शतपटीने बरी.

लाल फोवांचे (पोह्यांचे) तसेच. ते भिजवून, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू आणि शिजवलेले मूग किंवा मोडाची कडधान्ये मिसळली की, दहा मिनिटांत काम होते. काजूच्या हंगामात ओले बिबे, म्हणजे कोवळे काजूगर, मिळतात. ते सोलून, शिजवून, ठेचून त्यात घातले तर मुलांना मोठी गंमत वाटते. सुके काजू किंवा शेंगदाणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे देऊ नयेत. ते घशात अडकण्याची भीती असते. कूट करून घालावे.

फळ आणि फळाचा रस यांतला फरक पालकांना पटायला वेळ लागतो. रसातून चोथा निघून जातो, दोन-तीन फळांची साखर एका घोटात पोटात जाते आणि चावण्याचे श्रमही होत नाहीत. अख्खे फळ चावून खाताना मूल आपोआप थांबते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेल्यावर गावठी केळ्यांचे किती प्रकार दिसतात! मयड्याची मोठी केळी उकडून, चकत्या करून दिली तर न्याहारीचा भाग सहज होतात. मानकुराद आंब्याच्या दिवसांत कोणतेही मूल मागे राहत नाही, आणि त्याला अडवूही नये. फोडी कापून द्याव्यात. आमरसात साखर घालण्याची मात्र काहीच गरज नसते, मानकुरादाच्या रसात तर मुळीच नाही.

विकतच्या डब्यांविषयी एकच सांगते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर, द्रव ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट यांपैकी काही पहिल्या तीन नावांत असेल, तर तो पदार्थ न्याहारीचा नाही, मिठाईचा आहे, मग वेष्टनावर धान्याच्या लोंब्या असोत की व्यायाम करणारी मुले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना, दुधात घालायच्या पावडरींसारखी पेये ‘आरोग्यपेय’ या सदरातून काढण्याची सूचना दिली, कारण ‘आरोग्यपेय’ अशी कोणतीही व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. पुढच्या वर्षी सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. हे फार चांगले झाले. परंतु फलक वाचता येईल अशा वयाला मूल पोहोचेपर्यंत त्याची जीभ घडून गेलेली असते, म्हणून मला बालवाडीच्या आधीच्या वर्षांची अधिक चिंता वाटते.

‘आमचा मुलगा हे खातच नाही’, ही तक्रार खरी असते. नवीन चव स्वीकारायला लहान मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. बहुतेक पालक तिसऱ्या वेळी हार मानतात आणि बिस्किटाचा पुडा उघडतात. आळसांदे नाकारले तर रागावू नये, आमिषही दाखवू नये. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ या वाक्यातून मूल एवढेच शिकते की, भाजी ही शिक्षा आहे. दोन दाणे ताटात ठेवावेत, आपण स्वतः तीच भाजी त्याच्यासमोर बसून खावी, आणि त्याने नाही खाल्ली तरी चेहरा शांत ठेवून ताट उचलावे. चार दिवसांनी पुन्हा वाढावे. माझ्या वर्गात एक मुलगी कितीतरी दिवस मुगाच्या गाठींकडे बघतसुद्धा नव्हती. एकदा तिच्या मैत्रिणीने मोडाची शेपटी ओढून ‘हा बघ उंदीर’ म्हटले, दोघी हसत सुटल्या, आणि त्या हसण्यात तिने आपला उंदीर खाऊन टाकला. सोबतीचे बळ असे असते, म्हणून शक्य असेल त्या घरात मुलाला एकटे, मोबाइलसमोर बसवून न भरवता, सर्वांबरोबर बसवावे.

आजी-आजोबांशी मी या विषयावर फार सांभाळून बोलते. नातवाच्या हातावर बिस्किट ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद मी पाहिला आहे, आणि तो हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. मागच्या पालकसभेत एक आजी मला म्हणाल्या, “बाई, तुम्ही सगळे गोड काढून टाकले, तर पोरांना दिवाळीचे फोव तरी द्यायचे ना?” मी म्हटले, “आजी, ते द्यायचेच, आणि पोटभर द्यायचे.” नरकासुर जाळून झाल्यावर, अभ्यंगस्नान करून, कारीट फोडून, तिची कडू बी जिभेला लावून मग घरोघरी फोव खाण्याची आपली रीत आहे. रोसातले, दुधातले, गूळ-खोबऱ्यात कालवलेले, त्यांच्या बरोबरीने ताकातले आणि फोडणीचे. त्या पंगतीत गोडाला जागा आहे, आणि मुलांना ती जागा कळतेही, कारण वर्षभर रोज सकाळी त्यांच्या वाटीत गूळ नसतो. त्या आजींना हे पटले. रोजच्या बिस्किटाऐवजी नातवाला संध्याकाळी चार वाजता उकडलेली कणगी (एक कंद) सोलून द्यायची असे त्यांनी स्वतःच ठरवले, आणि मला ते माझ्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा चांगले वाटले.

वाढदिवसांचा प्रश्न उरला होता. मुले बरीच असल्यामुळे वर्गात सतत कोणाचा तरी वाढदिवस येतो आणि सकाळी नऊ वाजता केक कापला जातो. आम्ही पालकांना विनंती केली की, केक संध्याकाळी घरी, नातेवाइकांबरोबर कापावा. बालवाडीत सर्वांना वाटता येईल असे काहीतरी साधे आणावे. काही पालक नाराज झाले, ते स्वाभाविक होते, कारण मुलाच्या आनंदात आपण कमी पडलो असे कोणत्याही आईला वाटू नये. पण आता कोणी कलिंगडाच्या फोडी आणते, कोणी फोडणीचे फोव, कोणाच्या घरून मोडाच्या मुगाची उसळ आणि पोईचे तुकडे येतात. टोपी घातलेले मूल स्वतः सर्वांना वाढते, आणि वाढण्याच्या मानातच त्याचा वाढदिवस साजरा होतो. ज्या घरी कोणालाच वेळ नसतो, त्यांनी आदल्या संध्याकाळी बाजारातून केळ्यांचा एक घड घेतला तरी तो साऱ्या वर्गाला पुरतो.